क्रोन्समध्ये आतडं कापायचं ठरतं तेव्हा

माझं पोट तिसऱ्यांदा बंद पडलं ते उसानं. गळिताचे दिवस होते. बांधावर बसून दोन पेरं चघळली, चोथा थुंकला असं वाटलं, पण थोडा पोटात गेलाच असणार. रात्री अकराला बेंबीच्या उजवीकडे पिळवटून कळा सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं ताठ, हिरवी उलटी, वारा सरणं बंद. खानापूर ते बेळगाव अंतर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, पण त्या रात्री मी प्रत्येक गतिरोधक मोजला.

नाकातून नळी, सलाईन, स्टेरॉइडचं इंजेक्शन. चौथ्या दिवशी पोट सुटलं. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "या वेळी सुटलं. पुढच्या वेळी कदाचित रात्री दोनला पोट उघडावं लागेल. तेव्हा कोण उघडेल, किती कापेल, पोटावर शौचाची पिशवी लागेल का, हे मला आज सांगता येणार नाही. आज तुम्ही तारीख ठरवलीत तर बरंच सांगता येईल."

हा लेख त्या वाक्यावरच उभा आहे. मी डॉक्टर नाही, क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा करणारा आजार) असलेला आणि त्यासाठी आतड्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण आहे. तुमच्या पोटाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या. पण काय विचारायचं आणि कशाची तयारी ठेवायची, हे आपल्या भागात सांगणारा कुणी भेटत नाही म्हणून लिहितोय.

आधी हे पक्कं करा : क्रोन्सच ना, की टीबी?

क्रोन्सचं पहिलं ठळक वर्णन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली केलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे हा आजार सगळ्यात जास्त बसतो. आपल्याकडची अडचण अशी की आतड्याचा टीबीही नेमका तिथेच बसतो. दोन्हीत वजन उतरतं, ताप येतो, आतडं अरुंद होतं. कोलोनोस्कोपीतले (गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीतले) फोटो पाहूनही अनुभवी डॉक्टर गोंधळतात.

म्हणून बायोप्सीचे तुकडे टीबीच्या जंतूसाठी तपासले आहेत का, जीन एक्स्पर्ट ही टीबीची जनुकीय चाचणी केली आहे का, हे विचारा. तरीही उलगडा झाला नाही तर काही वेळा आधी टीबीचं औषध देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. जखमा भरल्या तर टीबी, तशाच राहिल्या तर क्रोन्सकडे बोट जातं. मात्र नुसतं बरं वाटतंय म्हणून वर्षभर टीबीच्या गोळ्या खात बसू नका, दुर्बिणीतून काय दिसतं ते महत्त्वाचं. माझे असे सात महिने गेले. त्या काळात आतड्याचा तो भाग आणखी आवळत गेला.

ऑपरेशनची वेळ आली हे कसं ओळखायचं

आतडं अरुंद होण्याचे दोन प्रकार असतात. एक सुजेचा, तो औषधानं उतरू शकतो. दुसरा व्रणाचा : वर्षानुवर्षं सूज येऊन आतड्याची भिंत जाड, कडक होते. बायसिकलचा जुना ट्यूब वाळून कडक होतो ना, तसं. त्याला कुठलंही इंजेक्शन मऊ करत नाही. बहुतेकांच्या आतड्यात दोन्हींची मिसळ असते. सीटी एंटेरोग्राफी किंवा एमआर एंटेरोग्राफीत (लहान आतड्याच्या खास स्कॅनमध्ये) किती लांबीचा भाग आवळलाय आणि त्याच्या मागचं आतडं किती फुगलंय ते दिसतं. मागचं आतडं तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगलेलं असेल तर खरोखरच अडथळा आहे असं समजतात.

आवळलेला भाग चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लहान आणि सरळ असेल तर कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद करता येतो का, हे आवर्जून विचारा. पोट वारंवार बंद पडतंय, आतड्यातून मूत्राशयाकडे किंवा कातडीकडे वाट फुटलीय, पोटात पू साठलाय, औषधं बदलूनही स्टेरॉइड सुटत नाही, यातलं काही असेल तर सर्जनला भेटायची वेळ झाली. आतडं फुटलं तर मात्र विचाराला वेळच नसतो.

ऑपरेशन म्हणजे औषधांचा पराभव, असं मलाही वाटायचं. ते बदललं एका अभ्यासामुळे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या १४३ रुग्णांवर तो झाला. ज्यांचा आजार शेवटच्या आतड्यापुरता, चाळीस सेंटिमीटरच्या आत आणि फारसा न आवळलेला होता, त्यांतल्या काहींचं थेट दुर्बिणीचं ऑपरेशन (पोटाला छोटे छेद देऊन) केलं आणि काहींना इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारं औषध दिलं. २०१७ साली निष्कर्ष आला : वर्षभरानं दोन्ही गटांचं जगणं सारखंच सुधारलं होतं. पाच-एक वर्षांनी पाहिलं तर इन्फ्लिक्सिमॅब गटातल्या जवळजवळ निम्म्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं होतं आणि ऑपरेशन गटातल्या साधारण पाव जणांना तशी औषधं लागली होती. आजार थोड्याच भागात असेल तर ऑपरेशन हा पहिल्या रांगेतला पर्याय होऊ शकतो, एवढं यातून कळतं.

ऑपरेशननं क्रोन्स मुळापासून जात नाही, हेही तितकंच खरं. आतडं कापून जिथे जोडतात, बहुतेकदा त्या जोडाच्या जागीच तो परत डोकं काढतो. त्याबद्दल शेवटी लिहितो.

घरचे काय म्हणतील याचीही तयारी ठेवा. निपाणीचे मामा म्हणाले, "आरं, पोट एकदा फाडलं की माणूस निम्मा हुतोय." आईचं वेगळंच : "खाल्लं तरी दुखूलंय, नाही खाल्लं तरी दुखूलंय, मग काढून तरी टाका म्हणावं." मी दोघांनाही सर्जनच्या पुढ्यात नेऊन बसवलं. मामांनी जे प्रश्न विचारले ते मला सुचलेच नव्हते.

सर्जनला काय विचाराल

वहीत लिहून न्या, आयत्या वेळी काही आठवत नाही. क्रोन्सची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? दुर्बिणीतून होईल की पोट उघडून? किती आतडं जाईल, किती उरेल? पिशवीची शक्यता किती? पोटविकारतज्ज्ञ आणि तुम्ही एकमेकांशी बोललात का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

किती कापायचं याची भीती सगळ्यांना असते. पूर्वी 'सगळं घाण काढून टाकू' म्हणून चांगलं आतडंही लांबवर कापायचे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकनं १९९६ मध्ये दाखवून दिलं की कडेचं चांगलं आतडं दोन सेंटिमीटर घेतलं काय आणि बारा घेतलं काय, आजार परत येण्यात फरक पडत नाही. म्हणून आता कमीत कमी कापतात. अनेक ठिकाणी आवळलेलं असेल तर न कापता आतडं उभं चिरून आडवं शिवतात, त्यानं ते रुंद होतं. ही स्ट्रिक्चरप्लास्टी आतड्याच्या टीबीसाठी आपल्याच चंडीगडच्या सर्जननी १९७७ मध्ये छापून जगापुढे मांडली, मग ऑक्सफर्डच्या ली यांनी ती क्रोन्समध्ये वापरली. ज्या टीबीनं माझी वाट चुकवली त्यानंच दुसऱ्या कुणाचं आतडं वाचवलं म्हणायचं.

कुठे करायचं आणि पैशाचं काय

बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल आहे. निपाणी-चिक्कोडीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरचे काही गोव्याला बांबोळीला. मी बेळगावातच केलं, कारण ऑपरेशननंतर काही बिघडलं तर तासाभरात पोचता आलं पाहिजे. नावाजलेला सर्जन पुण्यात आणि गळू झालेलं पोट गावात, हे गणित मला झेपणारं नव्हतं.

कर्नाटकाच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. खाजगी हॉस्पिटलात ठरवून करायच्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते आधी काढायला वेळ मिळतो, हाही तारीख ठरवण्याचा फायदा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटकानं लगेच त्याला आक्षेप घेतला. तुमचं गाव त्यात असेल तर सीमेपलीकडच्या ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी फोन करून कुठले कागद चालतात ते विचारा, रुग्णाला गाडीत घालून मग विचारू नका.

आणखी एक सीमाभागी बाब. संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत येतं. मी सही करायच्या आधी ते मराठीत वाचून घेतलं. त्यात 'गरज पडल्यास स्टोमा', म्हणजे पोटावरची ती पिशवी, अशी ओळ होती. ती मला टेबलावर जायच्या आदल्या संध्याकाळी कळली, भूल उतरल्यावर नाही.

आधीचे सहा आठवडे

खरं सांगायचं तर निम्मं ऑपरेशन इथेच होतं. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलेलं असेल तर जोड नीट न धरण्याचा धोका वाढतो. माझं चौसष्टचं त्रेपन्न झालं होतं. आहारतज्ज्ञांनी पाच आठवडे जवळजवळ सगळं जेवण द्रवातूनच दिलं, डब्यातली पोषण-पावडर, दिवसाला ठरलेल्या मापानं. घरात भाकरी-ठेच्याचा वास सुटायचा आणि मी व्हॅनिलाचा पेला घेऊन ओसरीवर बसायचो. पण वजन अठ्ठावन्नवर आलं आणि सूजही उतरली.

स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतात. प्रेडनिसोलोन दिवसाला वीस मिलिग्रॅमच्या वर आणि सहा आठवड्यांहून जास्त चालू असेल तर जोड सुटण्याचा, पू होण्याचा धोका वाढतो. पण ते स्वतःहून एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, तो जीवावरचा खेळ आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह घेता येतं. पोटात पू असेल तर बहुधा आधी सुईनं काढून, अँटिबायोटिक देऊन, काही आठवड्यांनी कापतात.

आणि विडी. निपाणीच्या मातीत तंबाखू आणि घराघरात विड्या वळणारे हात, त्यामुळे आपल्याकडे विडीला कुणी 'स्मोकिंग' म्हणतच नाही. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट ओढता?' आपण छातीठोकपणे नाही म्हणतो. विडीही धूरच आहे. ऑपरेशननंतर क्रोन्स परत येण्याचा धोका धूर ओढणाऱ्यांत साधारण दुप्पट असतो. निदान चार आठवडे आधी सोडा आणि मग परत धरू नका. इतक्या गोळ्या-इंजेक्शनांत ही एकच गोष्ट फुकट आहे.

तारीख निवडताना शेतीचं वेळापत्रक धरा. रोप लावणीच्या तोंडावर ऑपरेशन केलंत तर घरातले हात आणि तुमची चुळबुळ, दोन्ही आवरणार नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रात्री गाडी काढणंही कठीण. मी सुगी आटोपल्यावरची तारीख घेतली.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनला तीन तास लागले. दुर्बिणीतून केलं, तुकडा बेंबीजवळच्या छोट्या छेदातून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच खुर्चीत बसवलं, दुपारी दारापर्यंत चालवलं. चाललं की आतडं लवकर जागं होतं आणि पायात रक्ताची गुठळी होत नाही. क्रोन्सवाल्यांना गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून पोटावर हेपॅरिनचं, रक्त गोठू न देणारं, इंजेक्शन देतात. काहींना ते घरी गेल्यावरही चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र तासातासाला ओढा. खोकला आला की उशी पोटावर घट्ट दाबा.

रोज सकाळी सिस्टर यायच्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "ग्यास पास आतेन्री?" (वारा सरला का?) दोन दिवस मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी पहाटे झाला तेव्हा शेजारच्या गोकाकच्या आजोबांनी माझ्याआधी त्यांना बातमी दिली. मग पाणी, सार, पेज, मऊ भात असं वर चढत गेलो. पहिल्या शौचाला काळपट रक्त दिसलं तर घाबरू नका. लालभडक आणि जास्त असेल तर मात्र लगेच सांगा.

दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर साधारण चार ते सहा दिवसांत घरी सोडतात, पोट उघडलं असेल तर आठवडा-दहा दिवस. जोड सुटण्याचा धोका बहुतेकदा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास असतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. ताप, नाडी शंभराच्या वर, पोटात वाढत जाणारी कळ, पोट फुगून उलट्या, जखमेतून शेणासारखा स्त्राव, यातलं काहीही झालं तर गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावत न बसता थेट ऑपरेशन झालेल्या ठिकाणी जा.

पिशवी लागली तर

मला लागली नाही. गोकाकच्या आजोबांना लागली होती, त्यांचं पोट आधीच फुटून आले होते ते. स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटावर काढून त्याला पिशवी लावणं. बहुतेकदा तात्पुरतं असतं, दोन-तीन महिन्यांनी परत जोडतात. ठरवून ऑपरेशन असेल तर आधी उभं, बसून, वाकून पेनानं जागा खुणावून घ्या. धोतराची गाठ, लुगड्याच्या निऱ्या, पँटचा पट्टा कुठे येतो ते दाखवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. चकती भोकाच्या मापाचीच कापा, नाहीतर कातडी सोलते. दिवसाला दीड लिटरहून जास्त पातळ जात असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, त्यानं आणखी जातं. ओआरएसचं पाकीट एक लिटरात घोळून घोट घोट घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

घरी : खाणं आणि कामं

पहिले चार ते सहा आठवडे जोड सुजलेला असतो, म्हणून चोथा टाळायचा. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, इडली, गाळलेली नाचणीची आंबील, अंडं, बिनकाट्याचा मासा, शिजवून कुस्करलेला दुधी, केळं. दिवसातून सहा वेळा, मूठभर. ज्वारीची भाकरी नंतर, तीही मऊ करून, चावून. मक्याचं कणीस, शेंगदाणे, सुकं खोबरं, पेरूच्या बिया, फणस आणि माझ्या ओळखीचा ऊस, हे दूरच. भेटायला येणारे गोकाकचा करदंट घेऊन येतात, 'ताकद येते' म्हणून. डिंक, खारीक, सुकामेवा एकत्र. ताज्या जोडासाठी याहून वाईट खाऊ मला सुचत नाही. घरच्यांना वाटून टाका.

लहान आतड्याचा शेवट गेला की पित्त शोषायची जागा जाते. ते मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतं : जेवलं की धावायचं, पिवळट पाणी, आग. मला वाटलं आजार परतला. तो नव्हता. कोलेस्टिरामिन नावाची पावडर यावर मिळते, मला चार दिवसांत उतार पडला. तुमची इतर औषधं तिच्यापासून काही तास लांब घ्या, नाहीतर ती शोषली जात नाहीत. बी-१२ही तिथेच शोषतं. वीस सेंटिमीटरहून जास्त गेलं असेल तर पातळी तपासत राहा, त्याहून बरंच जास्त गेलं असेल तर इंजेक्शन कायमचं. मुतखडा होण्याची शक्यता वाढते, म्हणून पाणी भरपूर प्या.

दुखलं म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलात तर बहुधा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचतील. ते आणि आयब्युप्रोफेन क्रोन्सला चालत नाहीत. 'फक्त पॅरासिटामॉल' असं मी मोबाईलच्या कव्हरमागे चिकटवून ठेवलंय.

सहा ते आठ आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही. भरलेली घागर त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते, चाऱ्याचा भारा त्याहून जास्त. दुचाकी चार-सहा आठवड्यांनी, अचानक ब्रेक दाबताना पोट दुखत नसेल तरच. मी पाचव्या आठवड्यात पाण्याची बादली उचलली, टाका खेचला, दोन दिवस झोपून काढले आणि आईची बोलणी खाल्ली.

सहाव्या महिन्याची कोलोनोस्कोपी

बरं वाटायला लागलं की माणूस फाईल ट्रंकेत टाकतो. इथेच घात होतो. औषध न घेतलं तर वर्षभरात बहुतेकांच्या जोडावर दुर्बिणीत आजार परत दिसू लागतो, लक्षणं मात्र त्यानंतर खूप उशिरा येतात. तोवर आतडं पुन्हा आवळायला लागलेलं असतं.

म्हणून चौथ्या आठवड्यातल्या भेटीला तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि पुढचं औषध ठरवा. विडी ओढणारा, आधी ऑपरेशन झालेला किंवा आतड्याला वाट फुटलेला असेल त्याला लगेच प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं अ‍ॅझाथायोप्रिन किंवा अ‍ॅडालिमुमॅबसारखं औषध देतात. अ‍ॅझाथायोप्रिननं काहींच्या पांढऱ्या पेशी वेगानं उतरतात, आपल्या लोकांत ते कमी नाही, म्हणून सुरुवातीला वारंवार रक्त तपासा. अ‍ॅडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची तपासणी झालीच पाहिजे. मध्ये मध्ये शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करता येते, तिच्यात आतड्याची सूज कळते. आणि सहा ते बारा महिन्यांच्या आत कोलोनोस्कोपी, काही होत नसलं तरी. त्यात जोडाच्या वरच्या भागाला शून्य ते चार असे गुण देतात. दोन किंवा जास्त आले तर औषध वाढवायचं.

मला एक आला. रिपोर्ट घेऊन बस स्टँडवर आलो, खानापूरची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून दोन इडल्या खाल्ल्या. पुढची तारीख घरी कॅलेंडरवर आईनं दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलीय.